गंमत सगळ्यांची, राबणं एकटीचं

हॅलोविनच्या रात्रीचं जेवण हा काय आपल्या अंकाचा विषय आहे का, असं काहीजणी विचारतील. हुंडा, मारहाण, मजुरी, आरोग्य असे प्रश्न आ वासून उभे असताना अमेरिकेतल्या बायका ओव्हनमध्ये भुतं भाजतात की नाही, याच्याशी आपल्याला काय करायचंय? मला वाटतं, करायचंय. गेली सहा वर्षं मी न्यू जर्सीत स्थलांतरित बायकांच्या एका केंद्रात समुपदेशनाचं काम करते. मारहाण, व्हिसा, मुलांचा ताबा ही आमची रोजची कामं. पण ऑक्टोबर संपत आला की गटात येणाऱ्या बायका, मग त्या मराठी असोत, गुजराती असोत की मेक्सिकोहून आलेल्या, एकाच गोष्टीनं थकलेल्या दिसतात. त्या थकव्याची तक्रार मात्र करता येत नाही, कारण ज्यानं थकवा आला त्याला तिथे ‘फन’ म्हणतात. गंमत! गंमत करून कुणी दमतं का?

हे जेवण काय असतं ते आधी सांगते. ३१ ऑक्टोबरला अंधार पडला की मुलं भुतांचे, चेटकिणींचे पोशाख घालून घरोघर गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात. साखरेनं पोट भरायच्या आत पोरांच्या पोटात काहीतरी धड जावं म्हणून संध्याकाळी पाच-साडेपाचलाच जेवण उरकायचं. इथवर शहाणपणाचंच आहे. पण ते जेवणही भुताटकीचं हवं. सॉसेजभोवती मळलेल्या मैद्याच्या पट्ट्या गुंडाळून ‘ममी’ करायच्या, डोळ्यांपुरती फट ठेवायची आणि भाजून झाल्यावर त्या फटीत मोहरीच्या सॉसचे ठिपके द्यायचे. नारिंगी ढोबळ्या मिरचीला त्रिकोणी डोळे आणि दात कोरायचे, आत भात-खिमा भरायचा आणि ती भाजायची. खिमा पावलाच्या आकारात थापून त्याला कांद्याच्या पाकळ्यांची नखं लावायची. खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याची भुतं उभी करायची. आणि पिझ्झ्यावर ऑलिव्हचे कोळी. अर्धं ऑलिव्ह म्हणजे कोळ्याचं धड, उरलेल्या अर्ध्याचे आठ बारीक तुकडे म्हणजे पाय. एका पिझ्झ्यावर बारा कोळी बसवायचे तर पाय होतात ९६. हे ९६ पाय कापतं कोण?

पाककृतीत लिहिलेलं असतं : तयारी वीस मिनिटं, भाजणं पंधरा मिनिटं. या वीस मिनिटांत मंगळवारी दुकानात नारिंगी मिरच्या संपल्या म्हणून दुसऱ्या दुकानात जाणं नाही. धाकट्याला ऑलिव्ह चालत नाही हे लक्षात ठेवणं नाही. मुलाचा मित्र जेवायला येणार, तो डुकराचं मांस खात नाही, म्हणून त्याच्या आईला विचारणं नाही. ओव्हनचा चिकटलेला ट्रे रात्री अकराला घासणं तर नाहीच नाही. शिवाय फोटो काढायचा असतो. तो काढणारीही तीच, त्यामुळे फोटोत ती कधी नसते.

हे मी नवीन काही सांगत नाही. १९८७ साली मायकेला डी लिओनार्डो या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियातल्या इटालियन-अमेरिकन कुटुंबांच्या अभ्यासातून दाखवलं, की सणाची जेवणं, शुभेच्छापत्रं, नातेवाइकांना फोन या सगळ्याला श्रम म्हणावं लागतं, आणि ते श्रम बायकाच करतात. १९८९ साली आर्ली हॉकशील्ड यांचं ‘द सेकंड शिफ्ट’ आलं आणि नोकरीवरून आल्यावर बाईची घरातली दुसरी पाळी सुरू होते हे वाक्य सगळीकडे पोचलं. पुढे अमेरिकन सरकारच्या २०१८च्या वेळ-वापर पाहणीत, कोणत्याही सरासरी दिवशी ६९ टक्के बायकांनी स्वयंपाक किंवा नंतरची आवराआवर केली, पुरुषांपैकी ४६ टक्क्यांनी. आपल्याकडच्या २०१९च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषाची ९७. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं गृहिणीच्या श्रमाचं मोल ठरवताना याच आकड्यांचा आधार घेतला. मिनिटं मोजली तर ती न्यायालयात उभी राहतात. पण ज्या कामाला गंमत म्हणून टाकलं, ते काम करणारी स्वतःच मोजायला धजत नाही.

या सणाच्या ताटाचा आणि बाईच्या नशिबाचा संबंध जुना आहे. हॅलोविन अमेरिकेत आला तो मुख्यतः आयर्लंड आणि स्कॉटलंडमधून. आयर्लंडमध्ये त्या रात्री बटाटा आणि कोबी कुस्करून ‘कोलकॅनन’ करत आणि त्यात वस्तू लपवत. जिच्या घासात अंगठी आली तिचं लग्न ठरणार, जिच्या घासात शिवणाचं टोपण आलं ती जन्मभर बिनलग्नाची. ‘बार्मब्रॅक’ नावाच्या पावात काडीही घालत. ती निघाली तर संसारात सुख नाही. म्हणजे रांधायचं बाईनं, आणि तिचं काय होणार तेही त्याच पातेल्यात!

अमेरिकेत हे भविष्य मागे पडलं आणि व्यापार पुढे आला. मॅसॅच्युसेट्समधल्या डेनिसन कंपनीनं १९०९ साली हॅलोविनच्या घरगुती मेजवान्या कशा सजवाव्यात याची पुस्तिका काढली. कंपनी कशाची? सजावटीच्या कागदाची. १९३०च्या दशकात त्या रात्री पोरांची नासधूस फार वाढली, तेव्हा त्यांना रस्त्यावरून उचलून घरात आणायचा उपाय निघाला : घरोघर मेजवान्या. गावाच्या शांततेचं काम आईच्या स्वयंपाकघरात येऊन पडलं. पुढे पिल्सबरी कंपनीची डब्यातली तयार मळलेली कणीक बाजारात आली. आज ममीच्या पट्ट्या बहुतेक घरांत अशाच डब्यातून निघतात. डबा उघडला की काम सोपं होतं हे खरं आहे, मीही तो वापरते. पण सोपं झालेलं काम कमी होत नाही. सोपं झालं म्हणून ‘आता एवढं तरी कर’ असं म्हणायची सोय होते.

आता आपल्या मराठी बायकांकडे येते. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या बायकोला एच-४ व्हिसा मिळतो. २०१५पर्यंत या व्हिसावर तिला नोकरी करताच येत नसे. तेव्हापासून काहीजणींना परवाना मिळतो, सगळ्यांना नाही. पदवी पेटीत आणि बाई स्वयंपाकघरात. मूल शाळेत जाऊ लागतं, वर्गात विचारतात, तुमच्याकडे हॅलोविनला काय केलं? हे जेवण केलं नाही तर मूल वेगळं पडेल ही भीती तिच्या एकटीच्या मानेवर. मग ती ममीच्या पोटात सॉसेजऐवजी बटाटेवड्याचं सारण घालते. मला ही कल्पना फार आवडते, चवीलाही झकास लागते. पण एका संस्कृतीचं दुसरीत भाषांतर करण्याचं कामही तिनं बिनपगारी केलं, एवढं लिहून ठेवा. २०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच दिवाळी आली. आमच्या गटातल्या एका बाईनं सकाळी चकल्या तळल्या आणि संध्याकाळी कोळ्यांचे पाय कापले. नवरा म्हणाला, “तुला हौस आहे.”

हौस! हा शब्द आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. चैत्रगौरीच्या आराशीत कलिंगडाचं कमळ कोरणाऱ्या बाईलाही हेच ऐकवलं जातं. हौस असतेच. मिरचीला दात कोरताना मजा येते, पोरं खिदळतात, ते बघून जीव सुखावतो. त्यात खोटं काही नाही. पण गवंड्याला भिंत छान उभी राहिल्याचा आनंद होतो म्हणून कुणी त्याची मजुरी कापत नाही.

गरीब घरात तर हौसेचाही प्रश्न नाही. अमेरिकेत सरकारी अन्नमदतीच्या कार्डावर सर्वसाधारणपणे तयार गरम जेवण विकत घेता येत नाही. कच्चा खिमा घेता येतो, भाजलेली गरम कोंबडी नाही. म्हणजे कारखान्यात पाळी करून आलेल्या बाईनं घरी रांधलंच पाहिजे, हा कायदाच झाला. २०२५ साली सरकारी कामकाज ठप्प झालं आणि १ नोव्हेंबरपासून ही मदत अडकली. तेव्हा चार कोटींहून अधिक माणसं या मदतीवर होती. आदल्याच संध्याकाळी मासिकांतून ‘खास भुताटकी मेन्यू’ झळकत होते.

आमच्यातल्याच काही कार्यकर्त्या म्हणतात, सोडून द्या हे थेर, बाहेरून पिझ्झा मागवा. मला हे पटत नाही. एक तर सोडून देण्याची परवानगीही बाईनंच बाईला द्यायची, आणि मूल रडलं तर समजूतही तिनंच काढायची. दुसरं म्हणजे, वाटून घ्यायला याच्याइतकं सोयीचं जेवण नाही. पट्ट्या गुंडाळायला कौशल्य लागत नाही. वाकड्या गुंडाळल्या तर ममी जास्तच ममी दिसते. सहा वर्षांचं पोर ते करतं आणि चाळिशीतल्या इंजिनियरलाही जमायला हरकत नाही. ट्रे आत गेला की पंधरा मिनिटं काम ओव्हनचं. तेवढ्यात भांडी कुणी घासायची हा प्रश्न टेबलावर ठेवता येतो.

आणि पावाच्या काड्यांना बदामाची नखं लावून ‘चेटकिणीची बोटं’ करतात ना, ती करताना मुलांना चेटकिणीची खरी गोष्टही सांगावी. १६९२ साली सेलममध्ये १९ जणांना फाशी दिलं, त्यांत १४ बायका होत्या. त्या खटल्यांत दोषी ठरलेल्या एलिझाबेथ जॉन्सनचं नाव २०२२ साली निर्दोष ठरलं, ते मॅसॅच्युसेट्समधल्या आठवीच्या वर्गानं पाठपुरावा केला म्हणून. मराठी मुलांना नंदुरबारकडच्या डाकीण प्रथेबद्दलही सांगा. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतरही बाईला डाकीण ठरवणं थांबलेलं नाही. ज्यांच्या नावानं बायका मारल्या गेल्या ती बोटं सॉसमध्ये बुडवून खाताना हे माहीत असलेलं बरं. मुलं घाबरत नाहीत, उलट प्रश्न विचारतात.

२०२५च्या ऑक्टोबरात आमच्या गटानं एक साधा तक्ता केला. तीन रकाने : काम, कुणी केलं, किती मिनिटं लागली. पहिली ओळ ‘आठवण ठेवणं’, शेवटची ‘ट्रे घासणं’. अकराजणींनी तो फ्रिजवर चिकटवला. दोघींच्या घरी त्यावरून भांडण झालं. एकीच्या नवऱ्यानं न बोलता ऑलिव्ह कापायला घेतली आणि कोळ्यांना चार-चारच पाय लावले. तीन तक्त्यांत दुसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं. त्या तिघींशी आम्ही अजून बोलतो आहोत.

हाच तक्ता आपल्याकडे गौरी-गणपतीला आणि दिवाळीच्या फराळाला लावता येईल. ‘आठवण ठेवणं’ ही ओळ गाळू नका. भरलेले तक्ते संपादक मंडळाकडे पाठवा, म्हणजे पुढच्या अंकात शेजारी शेजारी छापता येतील.