६५ मिलिमीटरची पट्टी गडगडाटी पावसाला लावू नका

महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटर पडला, तरच अतिवृष्टी. कोकणातल्या झडीला हा नियम चालत असेल. आमच्या माण-भीमेच्या खोऱ्यात तो निव्वळ अन्याय आहे.

मोसमी वारं सह्याद्रीवरच रिकामं होतं. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढं, अन् दहिवडीला ५०० च्या आसपास. आमचा सगळ्यात ओला महिना सप्टेंबर, अन् तो पाऊस बहुतेक विजा-गडगडाटाचा. दुपारी डोंगरमाथे तापतात, ढग उभे चढतात. पाऊस कोसळताना गार वारं खाली आदळून पसरतं, समोरची दमट हवा उचलतं, तिथं नवे ढग उभे राहतात. अशी रांग रात्रीपर्यंत पुढं सरकते. पण तिच्यातला जोराचा पट्टा काही किलोमीटरचाच. एका शिवारात ताली फुटतात, शेजारच्या गावात धूळ उडते. मापक नेमका त्या धुळीत असला की आपण संपलो!

समजा मापकावरच पडला, तासात ४५ मिलिमीटर. रान धुऊन गेलं तरी अतिवृष्टी नाही. माती वाहते पावसाच्या जोरानं, अन् चोवीस तासांची बेरीज तो जोरच पुसून टाकते.

म्हणून मागणी साधी आहे: तासाचा पाऊस निकषात धरा, गावागणिक मापक बसवा. कृषी विद्यापीठातल्या मित्रांनो, तुम्हीही हे लेखी मांडा. अन् शेतकरी भावांनो, दारात मापक लावा. पाऊस कधी सुरू झाला, कधी थांबला, किती पडला, वहीत तारखेसह लिहा. नोंद नसंल तर आपलं कोण ऐकणार?