रद्द झालेला पुरस्कार आणि न वाचलेले पुस्तक

पुस्तकावर बंदी घालण्याची जुनी पद्धत आता सरकारांनाही गैरसोयीची वाटू लागली असावी. बंदी घालायची तर अधिसूचना काढावी लागते, तीत कारणे नमूद करावी लागतात आणि त्या कारणांना उच्च न्यायालयात आव्हान देता येते. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील इंग्रजी पुस्तकावर महाराष्ट्र शासनाने घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय कायम ठेवला. बंदी ही अशी उघड गोष्ट आहे. तिला पत्ता असतो, तारीख असते, जबाबदार अधिकारी असतो. याहून सोपे मार्ग आता सापडले आहेत. पुस्तक दुकानात राहू द्यायचे, फक्त त्याला मिळालेला मान काढून घ्यायचा. लेखकाला बोलू द्यायचे, फक्त त्याला दिलेले निमंत्रण मागे घ्यायचे. आंतरजालावरचा मजकूर तर गाजावाजा न करताच दिसेनासा करता येतो. या नव्या पद्धतीचे मराठीतले सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे डिसेंबर २०२२ मधील ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ प्रकरण होय.

घटनाक्रम वाचकांच्या स्मरणात असेलच. तरीही तो नोंदवणे आवश्यक आहे. ६ डिसेंबर २०२२ रोजी राज्य शासनाचे यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कार जाहीर झाले. अनुवादासाठीचा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुरस्कार अनघा लेले यांना मिळाला. कोबाड गांधी यांच्या इंग्रजी तुरुंग-आठवणींचा त्यांनी केलेला हा अनुवाद लोकवाङ्मय गृहाने प्रकाशित केला होता. घोषणेनंतर समाजमाध्यमांवर गदारोळ सुरू झाला. नक्षलवादाचे उदात्तीकरण करणाऱ्या पुस्तकाला शासन पुरस्कार देते, असा आक्षेप घेतला गेला. सहाच दिवसांत, १२ डिसेंबरला, शासन निर्णय निघाला : पुरस्कार रद्द, आणि ज्या समितीने तो दिला ती समितीही रद्द. कारण दिले गेले ते ‘प्रशासकीय’. पुढे लक्ष्मीकांत देशमुख यांनी भाषा सल्लागार समितीचे अध्यक्षपद सोडले, प्रज्ञा दया पवार आणि नीरजा यांनी साहित्य संस्कृती मंडळाचे राजीनामे दिले, शरद बाविस्कर आणि आनंद करंदीकर यांनी स्वतःला मिळालेले पुरस्कार नाकारले.

या घटनाक्रमातील ‘प्रशासकीय कारण’ हा शब्दप्रयोग मला सर्वाधिक चिंतनीय वाटतो. उदात्तीकरण हा वाङ्मयीन आरोप आहे. तो करणाऱ्याने पुस्तकातील उतारे दाखवावे लागतात, निवेदकाचा सूर तपासावा लागतो, काय सांगितले आणि काय टाळले याचा हिशेब मांडावा लागतो. थोडक्यात, पुस्तक वाचावे लागते. ‘प्रशासकीय कारण’ म्हटले की या सगळ्या जबाबदारीतून सुटका होते. समितीने पुस्तक वाचून दिलेला निर्णय, पुस्तक वाचल्याचा कोणताही पुरावा न देता फिरवला गेला. हा मूल्यनिर्णयावर मूल्यनिर्णयाने केलेला प्रतिवाद नव्हे. हा वाचनाचाच अव्हेर आहे.

ही चर्चा पुण्या-मुंबईत बरीच झाली. परंतु ज्या भागात ‘नक्षल’ हा शब्द दूरचित्रवाणीवरील चर्चेत फेकण्याचे विशेषण नाही, त्या भागातून या प्रकरणाकडे कसे पाहायचे, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील केशोरी हा परिसर गडचिरोलीच्या सीमेला लागून आहे. अनेक वर्षे शासकीय कागदपत्रांत तो नक्षलग्रस्त म्हणून नोंदला गेला. या पूर्व विदर्भाने पोलिसांचे मृत्यू पाहिले आहेत, खबरी ठरवून मारलेले गावकरी पाहिले आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या संशयाखाली वाढलेली तरुण पिढीही पाहिली आहे. म्हणून येथे वर्गात शिकवणाऱ्याला हिंसेविषयी रोमँटिक होण्याची चैन परवडत नाही. पण नेमक्या त्याच कारणाने, तो मार्ग एखाद्या सुशिक्षित, सुखवस्तू माणसाने का धरला असेल आणि दहा वर्षांच्या तुरुंगवासानंतर तो त्याकडे कसे पाहतो, हे वाचण्याचा सर्वांत मोठा अधिकार आणि सर्वांत मोठी गरज याच भागातील विद्यार्थ्यांची आहे. ‘हे पुस्तक ग्रंथालयात ठेवले तर चालेल का?’ हा प्रश्न येथे मनात येणे, हाच त्या शासन निर्णयाचा खरा परिणाम. पुस्तकावर बंदी नव्हती. तरीही बंदीचे काम होऊन गेले.

कोबाड गांधी यांना २००९ मध्ये अटक झाली. २०१६ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखालील आरोपांतून मुक्त केले. इतर खटल्यांमुळे त्यांची सुटका मात्र ऑक्टोबर २०१९ मध्ये झाली. यातील दारुण विरोधाभास असा की, मूळ इंग्रजी पुस्तक २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर माओवादी पक्षाने त्याच वर्षाच्या अखेरीस गांधी यांना पक्षातून काढल्याचे जाहीर केले. स्वातंत्र्य, आनंद आणि माणसाचे चारित्र्य यांविषयीचे त्यांचे चिंतन पक्षाच्या चौकटीत बसले नाही. म्हणजे ज्या पुस्तकामुळे माओवाद्यांनी लेखकाला परका ठरवले, तेच पुस्तक वर्षभराने माओवादाचे गुणगान करणारे ठरले! भूमिगत पक्ष आणि निर्वाचित शासन यांचे एका बाबतीत एकमत दिसते : विचार बदलत असलेल्या माणसाचा मजकूर दोघांनाही नको असतो.

तुरुंगात जन्मलेल्या साहित्याला नाके मुरडण्याचा अधिकार मराठीला तर मुळीच नाही. टिळकांचे ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले. विनोबांची गीता-प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगातली. सावरकरांचा १८५७ वरील ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वीच १९०९ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यावर बंदी घातली. ती उठली १९४६ मध्ये. या सर्वांचे विचार एकसारखे नव्हते. काहींचे परस्परविरोधी होते. तरीही मराठी वाचकाने ते सगळे आपले मानले. ज्यांच्या नावाने हा अनुवाद पुरस्कार दिला जातो ते तर्कतीर्थही वेदान्तापासून रॉयवादापर्यंतचा प्रवास केलेले आणि साहित्य संस्कृती मंडळाचे पहिले अध्यक्ष. मतांतराला विद्वत्तेचे लक्षण मानणाऱ्या माणसाच्या नावाचा पुरस्कार मतांतराच्याच पुस्तकाकडून काढून घेतला गेला.

एका आक्षेपाचा येथे गंभीरपणे विचार केला पाहिजे. पुरस्कार हा हक्क नव्हे. तो जनतेच्या पैशातून दिला जातो, आणि कोणाला गौरवायचे हे ठरवण्याचा अधिकार निर्वाचित सरकारला असणारच. पुरस्कार न दिल्याने कोणाचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य हिरावले जात नाही. हा युक्तिवाद अर्धा बरोबर आहे. पुरस्कार न मिळणे म्हणजे सेन्सॉरशिप नव्हे, हे मान्य. परंतु येथे पुरस्कार न देण्याचा निर्णय झाला नव्हता. दिलेला पुरस्कार जमावाच्या दडपणाखाली परत घेतला गेला आणि परीक्षकांना शिक्षा झाली. पुढच्या वर्षीच्या परीक्षकाला त्यातून काय कळते? पुस्तक चांगले आहे की नाही एवढे पाहून भागणार नाही. उद्या समाजमाध्यमांवर त्याविषयी काय लिहिले जाईल, याचाही अंदाज बांधावा लागेल. अशा समितीकडून मिळालेल्या पुरस्काराला मग वाङ्मयीन अर्थ उरत नाही. आणि अनुवादकाचे काय? अनघा लेले यांचा गौरव त्यांच्या भाषिक कर्तृत्वाबद्दल होता. दुसऱ्याच्या चरित्राची शिक्षा त्यांना का?

कायद्याची बाजू पाहिली तर चित्र संमिश्र आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरासाठी अटक झाली. एकीने तो लिहिला होता, दुसरीने केवळ पसंती दर्शवली होती. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्दबातल केले. पण त्याच निकालाने मजकूर रोखण्याचे कलम ६९अ कायम ठेवले, आणि त्याखालील २००९ च्या नियमांत तर गोपनीयतेचीच तरतूद आहे. म्हणजे मजकूर कोणी, का अडवला हे वाचकाला कळण्याची सोय नाही. त्याच वर्षी मे महिन्यात वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला होता’ या कवितेच्या प्रकरणात माफी मागणारे मुद्रक-प्रकाशक सुटले, कवीला मात्र खटल्याला सामोरे जावे लागले. दुसरीकडे, शासनाविषयीचा कोणता मजकूर खोटा हे शासनानेच ठरवावे अशी तरतूद करणारी २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये अवैध ठरवली. न्यायालये कधी दार उघडतात, कधी अर्धे मिटतात. केवळ त्यांच्या भरवशावर साहित्यव्यवहार सोडता येणार नाही.

आता थोडे स्वतःच्या वर्गाविषयी. आपण साहित्याचे प्राध्यापक स्वातंत्र्याच्या गोष्टी करतो त्या बहुधा आपल्या बाजूच्या लेखकासाठी. मे २०२२ मध्ये, वेगळ्या पक्षांचे सरकार असताना, अभिनेत्री केतकी चितळे यांना शरद पवार यांच्याविषयीचा, दुसऱ्याने लिहिलेला पद्यमय मजकूर फेसबुकवर टाकल्याबद्दल अटक झाली आणि सुमारे चाळीस दिवस कोठडीत राहावे लागले. तो मजकूर अभिरुचीहीन होता असे म्हणता येईल. पण अभिरुचीहीनता हा तुरुंगवासाचा गुन्हा नव्हे, हे आपल्यापैकी किती जणांनी लिहिले? २००९ मध्ये ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवरून आनंद यादव यांना महाबळेश्वरच्या संमेलनाचे अध्यक्षपद सोडावे लागले, तेव्हा किती विभागांत त्या कादंबरीवर खुली चर्चा झाली? नावडत्या मजकुरासाठी जे उभे राहत नाही, त्याला तत्त्व म्हणता येत नाही. ती केवळ गटनिष्ठा होय.

चांगली उदाहरणेही आहेत. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या संमेलनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण आयोजकांनी मागे घेतले. श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी महामंडळाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी त्याच व्यासपीठावरून या कृतीवर टीका केली. आणि सहगल यांचे न झालेले भाषण आंतरजालावरून मराठीतही हजारो वाचकांपर्यंत पोचले. ज्या माध्यमातून जमाव उभा राहतो, त्याच माध्यमातून शब्दही निसटून जातो.

केशोरीजवळच गोठणगावच्या परिसरात तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ल्हासात जन्मलेल्या कवयित्री त्सेरिंग वोएसर यांचे निबंधांचे पुस्तक चीनमध्ये बंदीत सापडले, त्यांची नोकरी गेली, आणि २००६ मध्ये त्यांचे आंतरजालावरील लेखनही बंद पाडले गेले. भारतातील परिस्थिती तशी नाही, आणि ती तशी आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. येथे पुरस्कार नाकारता येतो, राजीनामा देता येतो, हा लेख लिहिता येतो. हा फरक मोलाचा आहे. म्हणूनच तो वापरला पाहिजे.

वापरायचा कसा? राजीनामे आवश्यक होते, पण ते पुरेसे नाहीत. परीक्षक समित्यांनी आपली कारणे लेखी आणि जाहीर द्यावीत, म्हणजे निर्णय फिरवणाऱ्यालाही कारणे द्यावी लागतील. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी हे पुस्तक आणि त्यावरील कठोरातील कठोर टीका शेजारी शेजारी ठेवावी. हिंसेत बळी गेलेल्यांच्या बाजूने या आठवणी अपुऱ्या वाटत असतील तर तसे सविस्तर लिहावे. ते लिहिण्याची पात्रता गोंदिया-गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांहून अधिक कोणाची असणार? पुस्तकाला उत्तर पुस्तकाने द्यावे हे वाक्य आपण परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून फार वाचले. ते शासन निर्णयांना शिकवणे आपल्या हाती नाही. आपल्या वर्गांना शिकवणे आहे.