उलटलेला लिम्फोमा आणि मूलपेशी-रोपण

लसिका ग्रंथींचा कर्करोग, म्हणजेच लिम्फोमा, पहिल्या उपचाराने शमून पुन्हा उद्भवला की रोग्याचे आप्त बहुधा दोहोंपैकी एका टोकास जातात. काही जण सर्व संपले असे समजून रोग्यास घरी नेतात. काही जण मूलपेशी-रोपण हा रामबाण उपाय मानून त्यासाठी घरदार विकावयास निघतात. या दोन्ही समजुती चुकीच्या असून दोहोंचाही भुर्दंड रोग्यासच सोसावा लागतो.

या रोगात बहुधा रोग्याच्या स्वतःच्याच मूलपेशी वापरतात. अशा रोपणात कर्करोगाचा नाश पेशी करीत नाहीत, औषधे करतात, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. औषधांची मात्रा पुष्कळ वाढविली तर कर्कपेशी मरतात, परंतु रक्त निर्माण करणारी अस्थिमज्जाही होरपळते. तणाने माजलेले शेत भाजावयाचे असेल तर शेतकरी बियाणे आधी कणगीत सुरक्षित ठेवितो. तसेच येथे करतात. रोग्याच्या रक्तातून मूलपेशी वेगळ्या काढून गोठवून ठेवितात. शरीराच्या दर किलो वजनामागे निदान २० लाख पेशी हाती लागाव्या लागतात. त्यानंतर तीव्र मात्रा देऊन त्या पेशी शिरेतून परत सोडतात. सुमारे दोन आठवड्यांत नवे रक्त तयार होऊ लागते. तोपर्यंत रोगी जंतुसंसर्गापुढे जवळजवळ निःशस्त्र असतो.

मग हा धोका कोणी पत्करावा? शीघ्र वाढणाऱ्या लिम्फोमाविषयी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पार्मा’ चाचणीने याचे उत्तर दिले. रोग उलटलेल्या २१५ रोग्यांना प्रथम नेहमीच्या मात्रेने दुसऱ्या प्रकारची औषधे देण्यात आली. ज्यांचा रोग हटू लागला त्यांपैकी १०९ जणांचे दोन गट केले. पाच वर्षांनी रोपण झालेल्या गटात ५३ टक्के रोगी हयात होते, तर केवळ औषधांच्या गटात ३२ टक्के. ही चाचणी रिटुक्सिमॅबच्या पूर्वीची असल्यामुळे आजच्या रोग्यांस हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु तिचा धडा अजून टिकून आहे. औषधांना दाद देणाऱ्या रोगातच रोपण फलदायी ठरते. दाद न देणाऱ्या रोगात त्याचा आग्रह धरणे म्हणजे रोग्याचे हाल वाढविणे होय.

पहिल्या उपचारानंतर वर्षाच्या आत उलटणाऱ्या शीघ्र लिम्फोमात आता ‘कार-टी’ ही पद्धत रोपणाहून सरस ठरली आहे. तीत रोग्याच्याच श्वेतपेशींना कर्कपेशी ओळखण्याचे सामर्थ्य देतात. मुंबईची आय. आय. टी. व टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्याने सिद्ध झालेल्या अशा भारतीय उपचारास २०२३ साली मान्यता मिळाली. तरी तो रोपणाहून महाग असल्याने रोपणाचे महत्त्व आपल्या देशात इतक्यात सरणार नाही.

मोजक्या रोग्यांसाठी गरीब देशाने एवढा खर्च का करावा, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु बऱ्या होऊ शकणाऱ्या तरुणास केवळ उशिरा पाठविल्यामुळे गमावणे ही काटकसर नव्हे. भारतातील पहिले अस्थिमज्जा-रोपण १९८३ साली टाटा रुग्णालयात झाले. म्हणजे ही विद्या आपणांस परकी उरलेली नाही. सिस्प्लाटिन, सायटाराबिन यांसारखी औषधे जुनी व परिचित आहेत. वाण आहे ती रक्तपेढ्यांची, निर्जंतुक खोल्यांची, प्रशिक्षित परिचारिकांची आणि वेळेवर दिलेल्या सल्ल्याची.

म्हणून रोग उलटल्याची शंका येताच गाठीचा तुकडा पुन्हा तपासावा, आणि दुसरी औषधे सुरू करण्यापूर्वीच रोपण-केंद्राचा सल्ला घ्यावा. शासनाने अशी केंद्रे मोठ्या शहरांपलीकडे न्यावीत. रोग्यास आशा अवश्य द्यावी. मात्र ती परीक्षेवर उतरलेली असावी.