रांगेतील नवखा टाळकरी

आषाढी जवळ आली की सोलापूर जिल्ह्यातील देवळांतून रात्री टाळांचा नाद उठू लागतो. माउलींची पालखी धर्मपुरीस जिल्ह्यात येण्यापूर्वी, शेगावची दिंडी सोलापूर नगरीतून पंढरीकडे वळण्यापूर्वी मंडळातील हात एक झाले पाहिजेत, अशी प्रत्येकाची धडपड असते.

परवा सोलापुरातील अशाच एका तालमीस आम्ही गेलो होतो. घरी तेलुगू बोलणारा एक यंत्रमाग कामगार पाळी संपवून मुलासह आला होता. "बुवा, पोराचा गळा बेताचा आहे, रांगेत उभा करू काय?" मंडळाच्या चालकांनी उत्सवासाठी बिदागीचे गायक आणि ध्वनिक्षेपक आधीच ठरविले होते. त्यांनी मुलास सांगितले, आधी घरी शिकून ये. आम्हांस हे उत्तर मुळीच रुचले नाही.

टाळ घरी एकट्याने शिकता येतो काय? हात बसेल, अभंग पाठ होतील, मोबाइलवर ऐकून चालही उचलता येईल. परंतु शेजाऱ्याचा टाळ केसभर मागे पडला असता आपण पुढे न धावणे, वीणेकऱ्याच्या पावलावरून लय वाढणार हे ओळखणे, पखवाजाची थाप पडेतो हात आवरणे, हे तेथे कोण शिकविणार? आठ मात्रांचा भजनी ठेका सोपा खरा. तो वीस जणांच्या हातून एकच होऊन निघणे सोपे नव्हे. बाळपणी आमच्या गुरुजींनी आम्हांस वर्षभर एका वृद्ध टाळकऱ्याशेजारी उभे केले होते. आम्ही चुकलो तरी ते आमच्याकडे पाहत नसत. आपला टाळ मात्र किंचित ठसठशीत वाजवीत. तेवढ्याने आमचा हात ठिकाणावर येई.

शास्त्रही याच बाजूचे आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त गायकवृंदाचा विचार केला आहे. उत्तम वृंदात ४ मुख्य गायक, ८ साथीचे गायक व १२ गायिका असाव्यात, असे तो सांगतो. (भगिनींच्या हाती टाळ देण्यास का-कू करणाऱ्या मंडळींनी हा आकडा पाहावा!) वृंदाचे सहा गुण सांगताना मुख्य गायकास अनुसरणे, आवाज एकमेकांत मिसळणे हे तर त्याने घेतलेच, शिवाय एकाचे तुटले ते दुसऱ्याने सावरून नेणे, हाही गुणच मानला. वृंदात चुकणारा असणारच, हे त्या पंडितास ठाऊक होते.

माउलींच्या सोहळ्यातील समाजआरती ज्यांनी पाहिली त्यांस निराळे सांगणे नको. चोपदारांनी दंड उंचावताच असंख्य टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल, तिचेच तेवढे वाजत राहतात. असे एकत्र थांबणे कोणी घरी बसून शिकलेले नाही.

चालकांशी आम्ही बोललो. थोडी कुरकुर झाली. मुलगा आता आमच्या डाव्या हाताशी उभा राहतो. दुगणीत त्याचा टाळ अजून घसरतो. एकादशीस चंद्रभागेच्या वाळवंटात तो तेथेच असेल.