उतावळा व्याही

लखुजी जाधवरावांच्या घरच्या रंगाची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. चिमुरडी जिजाऊ आणि शहाजी एकमेकांवर रंग उडवताहेत. लखुजीराव गमतीत म्हणतात, जोडा छान दिसतो. लगेच मालोजी भोसले उठून भर बैठकीत 'सोयरीक ठरली' असं सांगून मोकळे! बखरीतली ही गोष्ट ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात घेतली आणि तिच्यावर इंग्रजी शिक्का बसला.

माझं भांडण त्यातल्या हेतूशी आहे. निजामशाहीतल्या दोन सरदार घराण्यांची सोयरीक म्हणजे राजकारण. पण कारण काय, तर म्हणे मालोजींची घाई. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा हा उतावळा व्याही. पुढे लखुजीराव निजामशाही सोडून मोगलांकडे गेले, ती मात्र मुत्सद्देगिरी! मोठ्याची महत्त्वाकांक्षा, लहानाचा उतावीळपणा.

शब्दही काही साळसूद नाहीत. नोकरीच्या अर्जात मिरवणाऱ्या इंग्रजी 'ईगर'चं मूळ तिखट, आंबट अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. 'व्हिनेगर'मध्ये तो आंबटपणा अजून आहे. आपला 'आतुर' तर संस्कृतात चक्क आजारी. म्हणजे इतिहासात कुणाला उतावीळ म्हटलं की ते कारण नसतं, शेरा असतो.

आणि जिजाऊंना काय हवं होतं? सिंदखेडराजाला, त्यांच्या जन्मगावी, दर १२ जानेवारीला मोठी गर्दी लोटते. भाषणं होतात. हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.