फॅटी लिव्हरवर अ‍ॅस्पिरिन : चाचणी हवी, घाई नको



हृदयरोग्यांची स्वस्त गोळी लिव्हरची चरबीही उतरवते, अशा आशयाचा मजकूर सध्या मोबाइलवर फिरतो आहे. आमच्या मेडिकलच्या काउंटरवर त्यामुळे ‘ती रक्त पातळ करायची गोळी द्या’ म्हणणारे येऊ लागले आहेत. हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट असतो, त्यावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ अशी ओळ असते. डॉक्टरांची चिठ्ठी मात्र नसते.

मजकूर अगदीच बिनबुडाचा नाही. अ‍ॅस्पिरिन ज्यांना आवरते त्या रक्तातल्या प्लेटलेट्स रक्त गोठवतातच, शिवाय चरबीने सुजलेल्या लिव्हरमध्ये जमून दाह वाढवतात, असे उंदरांवरच्या प्रयोगांत २०१९ मध्ये दिसले होते. पुढे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांनी ८० रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना सहा महिने रोज ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिली, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. लिव्हरमधील चरबीचे सुरुवातीला सुमारे ३५ टक्के असलेले प्रमाण अ‍ॅस्पिरिनच्या गटात सरासरी ६.६ अंकांनी उतरले, दुसऱ्या गटात ३.६ अंकांनी चढले. ‘जामा’ या नियतकालिकात मार्च २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

पण यात मोजली गेली ती मुख्यतः चरबी. माणसाचा घात करतो तो फायब्रोसिस, म्हणजे लिव्हरमध्ये हळूहळू धरणारे व्रण. ते अ‍ॅस्पिरिनने थांबतात का, हे ८० माणसांच्या सहा महिन्यांवरून ठरत नाही. हे व्रण वाढून सिरॉसिस झालेले रुग्ण या चाचणीत नव्हतेच. त्यांच्या प्लेटलेट्स आधीच कमी असू शकतात, अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटू शकतात. सोनोग्राफीतल्या ‘ग्रेड’वरून आजार कुठवर गेला आहे हे नीट कळत नाही. म्हणजे गोळी मागणाऱ्याला आपण सुरक्षित गटात आहोत की नाही, हेच ठाऊक नसते.

रक्तस्रावाची भीती कागदावरची नाही. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील १९,११४ वृद्धांच्या ‘अ‍ॅस्प्री’ चाचणीत मोठा रक्तस्राव अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत ३.८ टक्के, न घेणाऱ्यांत २.८ टक्के होता. त्यात आपल्याकडे पावसाळा आला की डेंग्यू येतो. डेंग्यूत अ‍ॅस्पिरिन टाळायची असते. पण जी गोळी स्वतःच्या मनाने सुरू केली, ती तापाच्या डॉक्टरांना सांगायचे कोणाला सुचणार?

म्हणून हा विषय झटकून टाकावा, असे मात्र मुळीच नाही. त्याच मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत फॅटी लिव्हरच्या व्रणांवर रेस्मेटिरोम या औषधाला मंजुरी मिळाली. त्यामागे कंपनी होती, पैसा होता. अ‍ॅस्पिरिन शतकाहून जुनी, तिच्यावर कोणाचे पेटंट नाही. अशा गोळीच्या मोठ्या चाचणीवर कोणती कंपनी कोट्यवधी रुपये खर्च करील? हे काम सरकारचे आहे. केंद्राने २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. आता आयसीएमआरने सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना सोबत घेऊन काही वर्षे चालणारी चाचणी हाती घ्यावी. तिच्यात मधुमेही असावेत, आणि आपल्याकडे आढळणारे सडपातळ बांध्याचे फॅटी लिव्हरवालेही. फायब्रोसिस मोजावा, रक्तस्रावाची काटेकोर नोंद ठेवावी. फायदा सिद्ध झाला तर गरिबालाही परवडणारे औषध हाती येईल. नाही झाला तर निदान हे मेसेज तरी थांबतील.

तोवर वजन जास्त असलेल्यांनी ते सात ते दहा टक्क्यांनी उतरवणे, मधुमेह ताब्यात ठेवणे, दारू टाळणे हाच भरवशाचा मार्ग. ८० किलोच्या माणसासाठी हे साधारण सहा ते आठ किलो होतात. कष्टाचे आहे, पण लिव्हर टॉनिकच्या बाटल्या रिचवण्यापेक्षा खात्रीचे. ज्यांना हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन सुरू आहे, त्यांनी हे पत्र वाचून ती परस्पर बंद करू नये. आणि माझ्या व्यवसायबंधूंनी फॅटी लिव्हरसाठी ही गोळी चिठ्ठीशिवाय देऊ नये. एका स्ट्रिपमागे सुटणारे चार पैसे गेले तरी चालतील.

– एक औषधविक्रेता, सातारा