नुकसान, भरपाई आणि ‘आम्ही’

‘नुकसानभरपाई’ हा शब्द आपण एका दमात उच्चारतो, आणि त्यात दडलेले गृहीतक त्यामुळे नजरेआड होते. जे गेले त्याला माप आहे, आणि त्या मापाने ते पुन्हा भरता येते, असे हा शब्द सांगतो. बुडालेले पीक, जळालेले घर, मोडलेली गाडी यांच्या बाबतीत हे गृहीतक कसेबसे टिकते. माणसाचे नाव, जन्मतारीख आणि ओळखक्रमांक चोरीला जातात तेव्हा मात्र प्रश्न अवघड होतो. कारण चोरी होऊनही या गोष्टी मूळ माणसापाशी जशाच्या तशा असतात. फक्त त्या आता त्याच्या एकट्याच्या उरत नाहीत.

अमेरिकेतील इक्विफॅक्स प्रकरण या दृष्टीने मुळातून पाहण्याजोगे आहे. नागरिकांच्या कर्जव्यवहारांची नोंद ठेवणाऱ्या या कंपनीने 7 सप्टेंबर 2017 रोजी आपल्याकडील माहिती चोरीला गेल्याचे जाहीर केले. ज्या संगणकप्रणालीतील त्रुटीतून चोर आत शिरले, ती त्रुटी त्या वर्षीच्या मार्चमध्येच उघड झाली होती आणि तिच्यावरचा उपायही उपलब्ध होता. तो वेळेवर योजला गेला नाही. सुमारे 14 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली. नावे, पत्ते, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक. यांपैकी बहुतेक जण कंपनीचे ‘ग्राहक’ नव्हतेच. त्यांनी आपली माहिती तिच्या हाती सोपवली नव्हती. ती बँका आणि सावकारी संस्थांमार्फत तेथे पोचली होती. ज्याच्याशी आपण कधी व्यवहारच केला नाही त्याने आपला विश्वासघात केला, असे म्हणायचे तरी कसे? येथे आपली नेहमीची नैतिक शब्दकळा अपुरी पडू लागते.

22 जुलै 2019 रोजी तडजोड जाहीर झाली. एकूण रक्कम किमान 57 कोटी 50 लाख डॉलर, आणि गरज पडल्यास 70 कोटी डॉलरपर्यंत. पीडितांनी पतनोंदींवरील विनामूल्य देखरेख घ्यावी, किंवा तशी सोय आधीच असल्यास 125 डॉलर रोख मागावेत, असा पर्याय होता. वर्तमानपत्रांनी 125 हा आकडा उचलला. पण या रोख पर्यायासाठी राखून ठेवलेली रक्कम होती 3 कोटी 10 लाख डॉलर. 125 ने भागून पाहावे: 2 लाख 48 हजार माणसे. म्हणजे पीडितांपैकी हजारी दोन माणसांनाही ती पुरणारी नव्हती. दावे इतके आले की 31 जुलैला फेडरल ट्रेड कमिशनलाच सांगावे लागले: रोख रक्कम फारच थोडी मिळेल, देखरेख निवडलेली बरी. पुढे डिसेंबर 2022 पासून पैसे वाटले जाऊ लागले, तेव्हा अनेकांच्या हाती मोजके काही डॉलर पडले.

मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा एक मोलाचा भेद आहे. ‘आपण’मध्ये ऐकणारा सामावतो, ‘आम्ही’मध्ये तो बाहेर राहतो. इंग्रजीत दोहोंसाठी एकच सर्वनाम आहे. सामूहिक दाव्यात न्यायालय एक ‘आम्ही’ निर्माण करते, परंतु त्यातली माणसे एकमेकांना ‘आपण’ म्हणू शकत नाहीत. त्यांची ओळख नाही, सभा नाही. उलट, निधी ठरावीक असल्याने प्रत्येक नवा दावेदार आधीच्यांचा वाटा कमी करतो. एकाच अन्यायाचे बळी एकमेकांचे भागीदार न होता स्पर्धक होतात.

दाव्याचा अर्ज हाही एक लेखनप्रकार मानावा लागेल. निस्तरण्यात गेलेल्या वेळेसाठी ताशी 25 डॉलर या दराने, कमाल 20 तासांपर्यंत, दावा करता येत होता. त्यातील 10 तासांपर्यंत कागदपत्रे नकोत, काय केले ते लिहून प्रमाणित केले की पुरे. आत्मचरित्राचे इतके संक्षिप्त रूप दुसरे नसेल. मात्र त्यात भीतीला रकाना नाही, अपमानालाही नाही. कधी तरी कोणी आपल्या नावाने कर्ज उचलेल ही टांगती शंका तासांत मोजता येत नाही.

मग असा दावा करावा काय? स्वाभिमानी माणसाने ही चिल्लर नाकारावी, असे मत आमच्या परिचितांत ऐकू येते. आम्हाला ते पटत नाही. जो मुदतीत स्पष्टपणे बाहेर पडत नाही तो अशा तडजोडीने बांधला जातो, त्याने दावा केलेला असो वा नसो. त्याचे मौन निषेध म्हणून नोंदले जात नाही, संमती म्हणून गणले जाते. शिवाय 125 या आकड्याचा पोकळपणा उघडा पडला तो दाव्यांच्या लोंढ्यामुळेच. लोकांनी तुच्छतेने पाठ फिरवली असती तर तो आकडा तसाच मिरवत राहिला असता. दावा अवश्य करावा. हाती आलेल्या पैशांना न्याय मात्र म्हणू नये.

आपल्याकडे काय? 24 ऑगस्ट 2017 रोजी, इक्विफॅक्सच्या घोषणेच्या दोनच आठवडे आधी, सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर 2023 मध्ये वैयक्तिक विदासंरक्षणाचा कायदा झाला. त्यात दंड 250 कोटी रुपयांपर्यंत आहे, पण तो जमा होतो भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती गेली त्याला त्यातून काही देण्याची तरतूद नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात पीडिताला भरपाई देणारे 43-अ हे कलम होते. तेही वगळण्याची तरतूद या नव्या कायद्याने केली. तिकडे ‘आम्ही’ला मूठभर चिल्लर मिळाली, इकडे गुन्हा झाल्याचे मान्य होईल, दंडही वसूल होईल, आणि ज्याचे गेले तो मात्र त्या हिशेबात कोठेच नसेल.

‘नुकसानभरपाई’तली ‘भरपाई’ काढून टाकली की ‘नुकसान’ तेवढे उरते, आणि ते एकट्याचे असते. भाषा शिकविणाऱ्यांनी निदान हा शब्द असा अर्धा होऊ देऊ नये, असे आम्हाला वाटते.